चावी ओळखत नाही, सायरन थांबत नाही: जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत आमच्याकडे दोन तक्रारी हटकून येतात: गाडी चावीच ओळखत नाही, किंवा मध्यरात्री सायरन वाजतो आणि थांबत नाही. यंदाचं सदर त्याच पत्रांना दिलं आहे. उत्तरं साधारण २००० ते २०१२ या काळातल्या, चावी फिरवून चालू होणाऱ्या गाड्यांना धरून आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सेंट्रल लॉक दारं लावतं, अलार्म ओरडतो आणि इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देत नाही. ही तीन वेगळी कामं आहेत. रिमोटचा सेल संपला तरी इमोबिलायझरला फरक पडत नाही, कारण चावीतल्या चिपला सेल लागतच नाही. सायरन उपटून फेकला तरी इमोबिलायझर जागाच राहतो. हे तिन्ही एकच समजल्यामुळे चांगले पार्ट बदलले जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

प्रश्न: माझी २००८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन-तीन तास उन्हात उभी राहिली की सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही. मीटरमध्ये गाडी आणि चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकतो. संध्याकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. मेकॅनिक ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलायला सांगतो. बदलू का?
— वाचक, मनीषनगर

उत्तर: इतक्यात नाही. तुमच्या गाडीत मारुतीची आयकॅट्स ही इमोबिलायझर यंत्रणा आहे. चावी ऑन केल्यावर तो दिवा क्षणभर लागून विझला, तर चावी ओळखली गेली. लुकलुकत राहिला, तर ईसीएमपर्यंत योग्य कोड पोचलेला नाही. म्हणजे तुमचा दोष पेट्रोल पंपात किंवा प्लगमध्ये नाही, इमोबिलायझरच्या साखळीतच आहे. पण त्या साखळीत ईसीएम शेवटचा आहे. त्याच्या आधी चिप, चावीच्या भोकाभोवतीची कॉइल, इमोबिलायझर युनिट आणि मधल्या वायरी येतात.

काम असं चालतं. चावी ऑन केली की इग्निशन लॉकभोवतीची रिंगसारखी कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. चावीच्या डोक्यातली चिप त्याच क्षेत्रातून वीज घेते आणि आपला कोड परत पाठवते. हे अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचं असतं. युनिटने कोड तपासला आणि ईसीएमला होकार दिला, तरच पेट्रोल आणि ठिणगी मिळते.

दुपारी बिघडून संध्याकाळी सुधारणारा दोष बहुधा तडकलेल्या सोल्डरचा किंवा सैल पिनचा असतो. पारा ४५ च्या वर गेला की बंद काचांच्या गाडीतला डॅशबोर्ड हात लावता येणार नाही इतका तापतो. तापलेलं प्लास्टिक आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि आधीच तडकलेला जोड त्या वेळी उघडतो. गार झाल्यावर तो पुन्हा टेकतो.

दोष चावीत आहे की गाडीत, हे फुकटात कळतं. दुसरी चावी घरात गार ठेवा. दुपारी गाडी अडली की उन्हात तापलेली चावी बाजूला, निदान हातभर लांब ठेवा आणि घरची चावी लावा. गाडी उठली तर पहिल्या चावीतली चिप संशयित आहे. नाही उठली तर दोन्ही चाव्या निर्दोष धरा आणि कॉइलकडे वळा. हे करताना चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी नको. दोन चिप एकाच क्षेत्रात आल्या की वाचन बिघडतं.

कॉइलसाठी स्टिअरिंगखालचं प्लास्टिक कव्हर काढा. लॉकच्या तोंडाशी काळी रिंग आणि तिच्यातून निघालेला छोटा कनेक्टर दिसेल. कनेक्टर काढून मल्टिमीटर ओमवर ठेवा आणि कॉइलच्या दोन टोकांवर लावा. काही ओम ते काही दहा ओम दाखवले तर कॉइल अखंड आहे, काहीच दाखवलं नाही तर तुटली आहे. काही गाड्यांत रिंग आणि युनिट एकाच डबीत असतात. तिथे हे मोजमाप लागू पडत नाही, युनिटला येणारा १२ व्होल्ट आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासावा लागतो. गार असताना सगळं नीट दिसलं, तर हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून एक-दोन मिनिटं त्या भागाला ऊब द्या. हाताला सोसेल एवढीच ऊब द्या, नाहीतर कव्हर वाकडं होईल. मग चावी ऑन करून दिवा पाहा. घरच्या सावलीत दुपारचा दोष उमटला तर जागा सापडली. तीच ऊब नंतर ईसीएमला देऊन पाहा. तिथे दोष उमटला, तरच मेकॅनिकचं म्हणणं खरं.

स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावायचा असेल तर गाडी अडलेली असतानाच लावा. पी०५१३ म्हणजे चुकीची चावी, पी०६३३ म्हणजे चावीची नोंदच नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर युनिटशी संपर्क तुटला. जुन्या गाड्या बरेचदा कंपनीचे स्वतःचे कोड देतात आणि स्वस्तातले ब्लूटूथ रीडर ते वाचत नाहीत. त्यामुळे "कोड नाही" म्हणजे "दोष नाही" असा अर्थ काढू नका. तूर्त अडलात तर चावी लॉकपर्यंत मागे न्या, बाहेर काढा, थोडं थांबा आणि पुन्हा ऑन करा. सेल्फ मारत बसू नका. दिवा लुकलुकत असेल तर कितीही सेल्फ मारला तरी उपयोग नाही, बॅटरी मात्र बसेल.

प्रश्न: २००६ ची सँट्रो झिंग घेतली. मालकाने एकच चावी दिली. सीताबर्डीवर बनवलेल्या डुप्लिकेटने दार उघडतं, सेल्फही फिरतो, पण गाडी चालू होत नाही. चावीवाल्याने फसवलं का?
— वाचक, जरीपटका

उत्तर: फसवलं असं नाही, त्याने फक्त दाते कापून दिले. चिप नसलेली चावी लॉक फिरवते, एवढंच. चिपवाली चावी दोन तऱ्हांनी होते, आणि पैसे देण्याआधी समोरचा कोणतं काम करणार आहे ते विचारा.

पहिली तऱ्हा कॉपीची. तुमच्या चालू चिपमधला कोड नव्या चिपवर उतरवतात. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. काम लवकर होतं, गाडीला मशीन लावावं लागत नाही. पण सगळ्या प्रकारच्या चिप कॉपी होत नाहीत, आणि पुढे त्यातली एक हरवली तर दुसरीला धक्का न लावता तिची नोंद पुसता येत नाही.

दुसरी तऱ्हा नोंदणीची. नवी चिप गाडीच्या स्कॅनर लावायच्या सॉकेटला मशीन लावून युनिटमध्ये नोंदवतात. ह्युंदाईत त्यासाठी गाडीचा सहा आकडी पिन लागतो. तो कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून, आरसी आणि ओळखपत्र दाखवून मिळवावा. या पद्धतीत बहुतेक गाड्यांची जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर असतील तेवढ्याच चाव्या नव्याने चढतात. म्हणून जाताना घरातल्या झाडून सगळ्या चाव्या न्या, नाहीतर कपाटात राहिलेली चावी त्या दिवसापासून फक्त दार उघडायच्या कामाची.

तुमच्या बाबतीत दुसरीच तऱ्हा योग्य आहे. गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे आणखी चावी असू शकते, आणि नोंदणी नव्याने केली की तिने इंजिन चालू होणार नाही. काम झाल्यावर युनिटमध्ये किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा मशीनवर स्वतः पाहून घ्या. दोन चाव्या केल्या असतील तर दोनच दिसायला हव्यात.

आणि हे काम आत्ताच करा. एक चावी चालू असताना दुसरी करणं सोपं आहे. एकही नसताना तेच काम टो करून नेणं, पिन मिळवणं, काही गाड्यांत युनिट बाहेर काढणं इथवर जातं. चावीसोबत आलेला नंबराचा बिल्ला असेल तर तो घरी ठेवा, गाडीच्या खणात नाही.

जुन्या चावीचं प्लास्टिक फुटलं म्हणून नवं कव्हर चढवणाऱ्यांसाठीही इथेच सांगतो. कव्हर उघडलं की एका खाचेत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी पाचर दिसते. तीच चिप. तिला सेल नाही, वायर नाही, त्यामुळे ती निरुपयोगी तुकडा समजून जुन्या कव्हरसोबत कचऱ्यात जाते. काचेची असेल तर टोकाने उचकू नका, खाच बाहेरून कापा. काही रिमोट-चाव्यांत वेगळी चिप नसते, ती सर्किटवरच असते. तिथे अख्खं सर्किट उचलून नव्या कव्हरात बसवायचं.

प्रश्न: आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्या गाडीचा कंपनीचा अलार्म रात्री दोन-तीनदा वाजतो. पाऊस असला की जास्तच. शेजारी वैतागले आहेत. सायरनची वायर काढून टाकू का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर: वायर काढण्याआधी बोनेट उघडा. बहुतेक अलार्मना दारं, डिक्की आणि बोनेट यांच्या स्विचवरून कळतं की काहीतरी उघडलं आहे. त्यात बोनेटचा स्विच सगळ्यांत वाईट जागी असतो. लॉकजवळ, समोरून येणाऱ्या पाण्यात आणि धुळीत. पिन गंजून अर्धी अडकते, बोनेट रबरावर थोडं वर बसतं, आणि रात्री पत्रा गार होऊन आकसला की संपर्क हलतो. पावसात कनेक्टरमध्ये पाणी गेलं तरी तेच.

पिन बोटाने पाच-सहा वेळा दाबा. ती पूर्ण वर उसळली पाहिजे. अडकत असेल तर कनेक्टर काढून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. मग मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून पिन हळूहळू दाबत जा. बीप एका ठिकाणी स्वच्छ बदलली पाहिजे. मध्येच तुटक वाजली तर स्विच बदला, तो फार महाग पार्ट नाही. बोनेट नीट दाबलं जात नसेल तर कोपऱ्यांवरची रबरी बटणं फिरवून उंची एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त करता येते.

दारांसाठी आतला दिवा 'डोअर' वर ठेवा. दार उघडं ठेवून स्विच बोटाने दाबला की दिवा विझला पाहिजे. चारही दारं आणि डिक्की एकेक करून पाहा. काही गाड्यांत स्विच खांबावर नसून दाराच्या लॉकमध्येच असतो. तिथे लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून तीच चाचणी करा, आणि दार खरंच बंद करण्याआधी जीभ हँडल ओढून मोकळी करायला विसरू नका.

स्विच निर्दोष निघाले तर बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीचं टर्मिनल व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली. व्होल्टेज खाली घसरत गेलं की काही युनिट ते छेडछाड समजतात आणि वाजतात. युरोपीय घाटाच्या काही गाड्यांत छताजवळ अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, तो आतल्या हवेची हालचाल टिपतो. उन्हाळ्यात काच बोटभर खाली ठेवून गाडी लावायची आपल्याकडे सवय आहे. अशा गाडीत ती मोडा, आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरचीचं तोरणही काढा.

सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असेल तर वायर काढल्यावर तो थांबण्याऐवजी जोरात वाजेल, कारण वायर कापणाऱ्या चोरासाठीच ती बॅटरी ठेवलेली असते. पंधरा वर्षांत ती आतून फुटते, तिचं रसायन सर्किटवर पसरतं आणि सायरन विनाकारण वाजू लागतो. सायरन हलवून पाहा, तळाशी पांढरट-हिरवट डाग असेल तर तो बदलायलाच हवा. मुख्य बॅटरी काढताना सायरन वाजू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत चावी ऑन-ऑफ करून लगेच निगेटिव्ह काढायचा असतो. किती सेकंदांत ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

प्रश्न: वॅगनआर आठ दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. बॅटरी नवी आहे. इमोबिलायझर करंट खातो असं वायरमन म्हणतो.
— वाचक, कामठी

उत्तर: इमोबिलायझर युनिट चावी बंद असताना जवळजवळ काहीच घेत नाही. गाडी लॉक असताना डॅशबोर्डवर लुकलुकणारा दिवा असेल, तर तो थोडा घेतो. खरा आकडा मोजल्याशिवाय कुणालाही दोषी धरू नका.

आधी हिशेब. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरू. उभ्या गाडीचा ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खप चालतो. तेवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे दोन आठवड्यांत निम्मी बॅटरी. हाच खप २०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला ४.८ जातात आणि आठवड्यात बॅटरी तळाला. तुमचं लक्षण याच्या जवळपासचं आहे.

मोजायचं असं. बोनेट उघडं ठेवा, बोनेटच्या स्विचची पिन दोरीने बांधून दाबलेली ठेवा, दारं लावा, रिमोटने लॉक करा, चावी दूर न्या. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर टर्मिनल आणि बॅटरीच्या मधे जोडा. आता अर्धा तास थांबा. सुरुवातीला आकडा अर्धा-एक अँपिअर दिसेल, युनिट झोपी गेले की खाली येईल. मीटर मधे असताना दार उघडू नका, आणि सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल.

आकडा जास्त निघाला तर फ्यूज उपसत बसण्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर आणून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंवर टेकवा. ज्या फ्यूजवर शून्य सोडून काही दिसेल, त्यातून करंट जातो आहे. फ्यूज काढून परत घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि मोजमाप फसतं, म्हणून हा मार्ग. संशयितांची नावं ठरलेली आहेत: बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या पिवळ्या-लाल वायरींची अदलाबदल, जीपीएस ट्रॅकर, डिक्कीचा न विझणारा दिवा, आणि दुकानातून बसवलेला अलार्म. कुठल्याच फ्यूजवर काही दिसलं नाही तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) डायोड गळत असू शकतो. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष तिथेच.

वायरमनच्या बाजूनेही एक सांगायला हवं. बऱ्याच गाड्यांत 'कंपनीचा' म्हणून सांगितलेला अलार्म शोरूममध्ये किंवा ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेला असतो. ओळख सोपी आहे. डॅशबोर्डखाली काळ्या टेपने गुंडाळलेले जोड, डबीवर गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर नाही, रिमोटवर गाडीचं चिन्ह नाही. हे अलार्म इग्निशनची वायर कापून मधे रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतात. रिले जुना झाला की चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं, आणि वर्धा रोडवर ट्रकच्या मधोमध तसं झालं तर जिवाशी गाठ आहे. असा अलार्म काढायचा असेल तर कापलेली वायर मूळ जाडीच्या तारेने, सोल्डर करून आणि हीट-श्रिंक नळी चढवून जोडा. नुसती पिळून टेप लावू नका. आपल्या उन्हात टेपचा डिंक दोन मोसमांत वितळून जोड उघडा पडतो.

प्रश्न: रिमोट बंद पडलं. चावीने दार उघडलं की सायरन सुरू होतो.
— वाचक, महाल

उत्तर: कंपनीचा अलार्म असेल तर घाबरू नका. आत बसा, चावी लावून ऑन करा. चिप ओळखली गेली की बहुतेक गाड्यांत सायरन थांबतो. दुकानातल्या अलार्मला चिप कळत नाही, त्यासाठी डॅशबोर्डखाली लपवलेलं व्हॅले बटण (अलार्म तात्पुरता बंद करणारं) असतं. ते कुठे आहे हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.

रिमोटचा सेल बहुधा सीआर२०३२ किंवा सीआर१६२० असतो, नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. नवा घालूनही चालत नसेल तर बटणाखालच्या सोल्डरकडे भिंगातून पाहा. चावी पडून पडून तिथे बारीक गोल भेग जाते. रबरी बटण असेल तर त्याखालचा काळा ठिपका आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सेल नवा, सर्किट ठीक, तरी गाडी ऐकत नसेल तर कोडची जुळणी सुटली आहे. रिमोट दर वेळी पुढचा कोड पाठवतं. खिशात बटण शेकडो वेळा दाबलं गेलं की ते गाडीच्या फार पुढे निघून जातं. जुळणी परत करायची कृती प्रत्येक गाडीची वेगळी असते. मॅन्युअलमधलीच वापरा.

प्रश्न: सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. तेव्हा धुऊन-वाळवून घेतली. आता मधूनमधून चावी ओळखत नाही, कधी दारं आपोआप लॉक होतात.
— वाचक, अंबाझरी लेआउट

उत्तर: २२-२३ सप्टेंबरच्या त्या रात्री नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत जे पाणी शिरलं, ते गाळाचं आणि गटाराचं होतं. गाडी वरून वाळली तरी तो गाळ कनेक्टरमध्ये राहतो, आणि दर पावसाळ्यात ओल धरून तांब्याला हिरवं करतो. पाणी वायरीच्या आवरणाच्या आतूनही वर चढतं. म्हणून पाण्याच्या रेषेच्या वर बसवलेलं युनिटही नंतर बिघडू शकतं.

दोन वेगळ्या यंत्रणा एकत्र बिघडल्या आहेत, तर दोघींत सामायिक काय ते आधी पाहा. सामायिक असतो अर्थ. पायाशी, दाराच्या बाजूच्या प्लास्टिक पट्टीमागे पत्र्याला बोल्टने आवळलेल्या वायरी दिसतील. बोल्ट काढा, टोकं आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं या बोल्टला लावून दिवे-पंखा चालू असताना मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थ अजून कच्चा आहे.

त्यानंतर पुढच्या सीट काढून कार्पेट उचला. त्याखालचा नमदा बोटांनी दाबा, दोन वर्षांनीही ओला निघू शकतो. सीटखाली किंवा कन्सोलखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत. त्यांना हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून निदान तीन मिनिटं थांबा, आणि त्यांवर मल्टिमीटर लावू नका. बाकीचे कनेक्टर एकेक उघडून क्लीनर मारा, कोरड्या हवेने फुंका. हिरवी पडलेली पिन घासून चालवू नका, पिनच बदला. इमोबिलायझर युनिटची डबी उघडून सर्किटवर पांढरा-हिरवा थर दिसला तर आयसोप्रोपिलने मऊ ब्रशने साफ करून पूर्ण वाळवा. पण ट्रॅक तुटले असतील तर दुरुस्ती करणाऱ्याला त्यातली मेमरी चिप जपायला सांगा, तुमच्या चाव्यांची नोंद तिच्यात आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. सीट धुतली जाते, पण गुंडाळीतल्या पट्ट्यावरची गाळाची रेघ बहुतेकदा तशीच राहते.

प्रश्न: ईसीएम खरंच गेला आहे. भंगारातला मिळतो, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो इमोबिलायझर कायमचा बंद करून देतो, पुन्हा कटकट नको. गाडी पंधरा वर्षांची आहे, काय हरकत?
— वाचक, हिंगणा रोड

उत्तर: भंगारातला ईसीएम घ्यायला हरकत नाही, पण एकटा घेऊ नका. त्याच गाडीचं इमोबिलायझर युनिट आणि तिच्या चावीतली चिप असा पूर्ण संच घ्या. हे तिघं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे मशीन न लावता काम होतं. पार्ट नंबर अक्षरासकट जुळवा. एका अक्षराचा फरक असला तरी इंजिन किंवा मॉडेल वेगळं असू शकतं. विक्रेत्याकडून बिल आणि ज्या गाडीतून पार्ट काढले तिच्या स्क्रॅपचे कागद मागा. ते देत नसेल तर माल चोरीचा असू शकतो, सोडून द्या. संच मिळत नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे तुमच्या जुन्या ईसीएमच्या मेमरीतला डेटा नव्यात उतरवणं. जुना ईसीएम पूर्ण जळलेला नसेल तर चांगला दुरुस्तीवाला हे करू शकतो. म्हणून तो फेकू नका.

कायमचा बंद करण्याला मात्र आमचा ठाम विरोध आहे. जुन्या गाडीची दारं आणि स्टिअरिंग लॉक झिजलेले असतात. तिला उभी ठेवणारी एकच गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे इमोबिलायझर. शिवाय चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि मूळ सुरक्षा यंत्रणा तुम्हीच काढल्याचं निघालं तर दाव्यावर बोट ठेवायला जागा मिळते. चावी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत विम्याच्या कागदांसोबत ठेवा, आणि नवी चावी केल्याचं बिलही.

काही गाड्यांत युनिट बाजारातून संपलं आहे आणि संचही सापडत नाही. अशा गाडीसाठीसुद्धा आधी डेटा उतरवून देणारा शोधा. त्याला अडलेली गाडी टो करून न देता ईसीएम, युनिट आणि दोन्ही चाव्या एका डब्यात, फोममध्ये गुंडाळून द्या. टेबलावर बारा व्होल्ट देऊन तो संच तपासता येतो.